सासऱ्यांनी वैऱ्यांना माफ केलं

खोटं वाटलं तर गजाननालाच विचारा. त्याची पीएचडी चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या अँग्लिकन पाद्र्यांच्या चरित्रांवर. सगळी सारखीच: पाद्री पहाटे उठतो, गरिबांना जेवू घालतो आणि वैऱ्यांना माफ करून हसत मरतो.

परवा बार्शीटाकळीला त्याचे सासरे वारले. घाटावर लोक म्हणाले, "जवाईबापू, दोन शब्द बोला." सासरे महाभांडखोर, चांगलं आणायचं कुठून? पठ्ठ्यानं पाद्रीच सुनावला: "शेवटी मामंजींनी सगळ्या वैऱ्यांना माफ केलं!"

धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या वादावरून सासऱ्यांनी कोर्टात खेचलेला शेजारी रडतच गजाननाच्या साळ्याच्या गळ्यात पडला. अख्ख्या गावासमोर साळ्याला दावा मागे घेतो म्हणावंच लागलं.

परतताना साळा कुजबुजला, "जवाईबापू, बाबा तर झोपेतच गेले. माफ कवा केलं?"

"चारशे वर्षं झाली," गजानन म्हणाला, "इंग्लंडात."