शिंगांचा शेंदूर

पोळा होऊन सहा दिवस झाले होते. आलापल्लीच्या गुरांच्या दवाखान्याबाहेर दोन शेळ्या, एक गाय, एक आजारी वासरू आणि आम्ही पाच माणसे होतो. वासराजवळ लटारूभाऊ आणि त्यांची बायको गुणाबाई बसली होती.

“बैलाच्या शिंगाले शेंदूर मीच लावला. हा गोऱ्हा ते चाटत होता अन् मी हासत बसली.”

“शेंदरात शिसं असते, हे तुले कोनं सांगतलं होतं?”

“डॉक्टर म्हनते, जुलाबी मिठानं ते पोटातच बांधल्या जाते. पन कोंड्यात मीठ असलं का हा तोंड फिरवते.”

“कडू हाय ना.”

“मी पयले चाखलं, तवाच हा खाते.”

“रोज?”

“दोन्ही टाइम.”

“म्हनून तीन दिवसांपासून तू लोटा घेऊन पळून राह्यली काय?”

“हळू बोला. लोकं आयकून राह्यले.”

“आजपासून मी चाखतो.”

“तुमच्यानं खाईन का तो?”

“आज खाल्लं त् वाचते म्हनते डॉक्टर. सरक तिकडं.”

कंपाउंडरने शेरभर कोंड्यात दोन तोळे मीठ कालवून टोपली वासरापुढे ठेवली. लटारूभाऊंनी त्यातले चिमूटभर तोंडात टाकले. मग वासराने टोपलीत तोंड घातले. वीस मिनिटांनी टोपलीत शेराचा सोळावा हिस्सा, छटाकभरच कोंडा उरला होता.