दोन बोटं माया

डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर आई-लेक बसल्या होत्या. आईच्या गळ्यात शिवणाची टेप तशीच राहिलेली. लेक चाळिशीची, नखशिखांत काळ्या कपड्यांत.

“तुमच्या या गॉथिक कोटांच्या घेराला तिरक्या पट्ट्या, कळ्या, किती असतात गं आता?”

“चार. कापडच ताणलं जातं, आई. बेततातही कॉम्प्युटरवर.”

“चारच? मी सोळा कापल्या होत्या. कंबर आवळलेली, आत ताठ पट्ट्या, बाह्यांना फुगे.”

“कुणासाठी?”

“तुझ्यासाठी. सतरा वर्षांची होतीस, हटून बसली होतीस.”

“तू तर म्हणालीस, असलं सुतकी ध्यान माझ्या मशीनवर चढणार नाही!”

“म्हणाले खरी. मग गुपचूप कापड आणलं, बेतलं. शिवायला बसणार, तर तू घर सोडून गेलेली.”

“सांगायचंस तरी.”

“कुठल्या तोंडाने? ठेवलेत अजून तुकडे.”

“आता मला कुठला व्हायला तो!”

“होईल. शिवणीत वाढवायला दोन-दोन बोटं माया ठेवलीये. वाढत्या अंगाची होतीस.”

“…मग शिव ना.”

“काळ्यावर काळा दोरा दिसत नाही गं आता. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढीच नजर राहील.”

“मी शिवते. कुठली कळी कुठे, एवढंच सांग.”

“कळ्यांवर खडूने आकडे घातले होते. पुसले गेले ते.”