आधी दुर्बीण की आधी ट्रिगर?

अरे, आमच्या पम्याचं ऐकलंत का? दुबईत करामा भागात राहणारा आमचा हा मित्र कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत परचेसला आहे. घरचा मिक्सरसुद्धा तीन कोटेशन्स मागवल्याशिवाय घेत नाही. त्याने हौसेने सेमी-ऑटोमॅटिक स्पोर्टिंग रायफल घेतली. मला घेऊन शूटिंग क्लबात गेला आणि पहिल्याच दिवशी दहा गोळ्या झाडल्या, तर टार्गेटचा कागद कोराच!

"रायफल अपग्रेड करायला हवी," म्हणत पठ्ठ्याने तिथेच मोबाइलवर कम्पॅरेटिव्ह शीट उघडलं. "बोल, आधी दुर्बीण की आधी ट्रिगर?"

"दुर्बीण. दिसलं तर मारशील ना!"

"पण ट्रिगर फार जड आहे रे."

आमचं असं जुंपलेलं असताना शेजारच्या लेनमधले खानसाहेब आपला कागद घेऊन आले.

"भाईजान, मैंने दस गोली चलाई, छेद बीस हैं. बीचवाले दस मेरे हो ही नहीं सकते."

मी म्हटलं, "पम्या, रायफल एकदम झकास आहे. शीट डिलीट कर. खलास!"

पम्याने दुर्बीण खोडली, ट्रिगर खोडला आणि गंभीर चेहऱ्याने पहिल्या नंबरला टाइप केलं: 'लेनच्या नंबराची पाटी, मोठ्या अक्षरांत. खर्च क्लबचा.'