कपबोर्डचं कूळ

अहो, दारंच नाहीत! नव्याकोऱ्या कपबोर्डला दारं नाहीत, आणि चूक कुणाची, तर म्हणे माझी! नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात ना, तुम्हाला सांगतो, त्यात शब्दाचं कूळही घाला! आता तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस मी, खोड जाते कुठे? मिस्त्री स्वयंपाकघरात फळ्या ठोकतायत, मी बाहेर कोश उघडून बसलोय, आणि... सापडलं! कपबोर्ड म्हणजे मुळात कपाट नव्हेच! कप म्हणजे पेला, बोर्ड म्हणजे फळी, पेले मांडायची नुसती उघडी फळी! आल्यागेल्यानं बघावेत म्हणून! दारंबिरं सगळी मागाहून आली! अंगावर काटा आला हो माझ्या! धावत आत गेलो, "मिस्त्री, पाच-सहाशे वर्षांपूर्वी ह्याला दारंच नव्हती!"

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली. "छापलंय तसं?"

"हे काय, वाचा!"

आता हा माणूस तीन आठवडे 'बिजागऱ्या आणतो, उद्या नक्की' म्हणत होता बरं का! त्यानं पान बघितलं, फळीवरून हात फिरवला आणि करवत पिशवीत घातली. "मग झालं की काम, साहेब! अगदी मूळचं झालं!" आणि गेला! नव्या कामावर! फोन उचलत नाही!

शब्दाचं कूळ... विचारू नये हो!

कारण दुसऱ्याच दिवशी माझी थोरली बहीण येणार होती, रविवारपर्यंत राहायला. तिनं आमच्या लग्नात बारा कपांचा सेट दिलेला, हौसेनं, स्वतः निवडून. उरलेत पाच. त्यातल्या दोन कपांना कान नाहीत. म्हणून तर दारं हवी होती! बायको म्हणाली, "वन्संना ते दिसले ना, तर मी तोंड कुठे लपवू? आल्यागेल्यानं बघायची फळी काय! तुम्हीच उभे राहा आता पुढे!"

राहिलो! काय करतो? ताई आली तसा कपबोर्डला पाठ लावून उभा. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, गप्पा उभ्यानं! ताई बघतेय, बघतेय... "अरे, बसत का नाहीस तू?"

काय सांगू? कोश काढू पुन्हा? म्हटलं, "कंबर धरलीय गं, वाकताच येत नाही."

डोळ्यांत पाणी आलं हो तिच्या! म्हणाली, "मग मी रविवारी जात नाही. तू बसायला लागेपर्यंत राहते इथेच."