सम्राटाचं शेवटचं वाक्य

—नाही हो, घशाला काहीही झालेलं नाही, काचेमागून ती पाण्याची बाटली नाचवू नका. घसा ठणठणीत आहे. घोडं अडलंय ते वाक्यापाशी. तुम्ही इतकी वर्षं त्या बटणांपुढे बसून आमची ही कार्टूनची डबिंगं रेकॉर्ड करताय, तुम्हीच सांगा, दादा — म्हणजे सांगू नका, तिकडचं मला काही ऐकू येत नाही, नुसती मान हलवा — हा सम्राट हरूच कसा शकतो? पहिल्या भागात यानं करंगळीनं डोंगर उलटा केला. सम्राटाचा आवाज मी दिला, डोंगराचाही मीच दिला, बजेट नव्हतं. आणि मागच्या आठवड्यात हाच गडी एका लाकडी दारामागे अडकून बसला. का? तर आपल्या नायकाला, त्या पोराला, गुरुजींशी बोलायला वेळ हवा होता. दाराला बाहेरून कडी होती म्हणे. डोंगर उलटवणाऱ्याला कडी निघेना, आणि मी आतून दात-ओठ खात ओरडतोय, 'उघडा, उघडा' म्हणून.

बरं, ताकदीचे आकडे काही मी काढले नाहीत, कार्टून बनवणाऱ्यांनीच काढले. सम्राटाच्या मनगटावरच्या यंत्रात स्वच्छ दिसतं — सम्राट नऊ लाख, पोरगा चाळीस हजार. त्यात पोराच्या बरगड्या मोडलेल्या, तलवार मोडलेली, गुरुजी गेलेले. आता कुठल्याही हिशेबानं हा घरी जायला हवा की नको? तर नाही. एकदम वारा सुटतो, याला लहानपणीचं काहीतरी आठवतं, डोळ्यांतून उजेड यायला लागतो — आणि सम्राट चारी मुंड्या चीत. अरे, पण सराव कधी केलास बाबा? घाम कधी गाळलास? दाखवा ना एखाद्या भागात, पोरगा पहाटे उठलाय, पडतोय, परत उठतोय. माझी हरायला काही हरकत नाही, दादा, मी काही हट्टी माणूस नाही. पण हरवणाऱ्यानं कमवून हरवावं, हे असं आयतं नको.

हो, घेतो, घेतो टेक. लावा. — हरलो मी, पण या— मिटलं ना पडद्यावर त्याचं तोंड? मिटलंच. दोनदाच उघडतं मेलं — 'हरलो', 'मी', आणि मिटलं — आणि माझं आपलं पुढे चालूच. बोटं दाखवू नका, कितवा टेक ते मला माहीत आहे. पण मला सांगा, एवढा मोठा सम्राट, तो नुसतं 'हरलो मी' म्हणून गप्प बसेल? काहीतरी बोलेल ना. पण वारा उलटा होता, पण दगा झाला, पण कालपासून अंग मोडून आलं होतं. हरण्याला काही कारण असतं की नाही माणसाच्या?

परत एकदा तिचं वाक्य हेडफोनात ऐकवा बघू. पोराचं हो, तिच्या आवाजातलं. मला पकड मिळायला. — 'ऊठ. चल आता.' — हं. चांगलं बोललीय. आवाज खाली उतरवलाय, इथे पूर्वी तिनं चढवला असता. सर्दी झालीय का तिला? सकाळी येऊन गेली म्हणे रेकॉर्डिंगला, तुम्हाला दिसली असेल. बारीक झालीय का? हो? म्हणजे किती? जाऊ दे, मला काय करायचंय. एकदा अजून ऐकवा. पकड मिळायलाच.

पूर्वी आम्ही नवरा-बायको इथे एकाच वेळी उभे राहायचो, माझ्या डावीकडे ती. आता वेळा वेगळ्या. तिनंच मागून घेतल्या. शंभराव्या भागाचा केक कापला तेव्हा तुम्ही होतात ना? मग काय वावगं बोललो मी? दोन शब्द बोला म्हणाले, बोललो. की बुवा हिला या धंद्यात मी आणलं, गर्दीत 'पळा, पळा' ओरडायला. पोराचा आवाज द्यायच्या त्या बाईंचा घसा बसला, त्या दिवशी नेमकी ही समोर होती, लागली वर्णी. म्हटलं, पोरगा जिंकतो तशीच ही जिंकली, फुकटात. सगळे हसले. तुम्हीसुद्धा हसलात, दादा. ही पण हसली. आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरून थोरल्या बहिणीकडे गेली. एवढ्याशा गोष्टीवरून कुणी जातं का?

मी फोन केला नाही असं नाही. केला. म्हटलं, चुकलं माझं, पण— तेवढ्यात तिनं ठेवलाच. परत केला. चुकलं माझं, पण सगळ्यांसमोर तूही— ठेवला. आता बाजूसुद्धा मांडायची नाही का नवऱ्यानं? आकड्यांत बघा ना, मी या धंद्यात किती वर्षं, ती किती. आणि चीत कोण झालं? घरात एकटा बसून दूध उतू घालवतोय कोण?

आणि सराव म्हणाल तर — तुम्ही नाही म्हणालात, मीच म्हणालो — सराव तिनं केलाय. मला ठाऊक नाही असं तिला वाटतं. दुपारी मी जरा आडवा झालो की कपाट उघडायची, माझ्या लोकरीच्या कोटात तोंड खुपसायची आणि ओरडायची. मार खाल्ल्याचं ओरडणं, पडल्याचं, उठतानाचं. कोटात अशासाठी की माझी झोप मोडू नये. अगदी त्या 'पळा, पळा'च्या काळापासून. मी भिंतीकडे तोंड करून ऐकायचो. एकदा ते उठतानाचं असं काही लागलं की मी टाळीच वाजवणार होतो — नाही वाजवली. झोपलेला माणूस टाळी कशी वाजवणार? कोटाच्या अस्तराला ओठांचा रंग लागायचा. धोब्यानं विचारलं, हे कशाचे डाग, तर मी सांगितलं, चहा सांडला. परवा थंडी होती म्हणून तो कोट काढला. घातला नाही. थोडा वेळ हातात धरला आणि परत अडकवून ठेवला.

असं बघू नका माझ्याकडे. हो, केकच्या वेळी हे सांगता आलं असतं, ते मलाही कळतं, पण— बरं. लावा. तिचं ऐकवा आधी.

'ऊठ. चल आता.'

हरलो मी.

...

बसलं? ओठांवर बसलं ना? मग अंगठा दाखवा की, नुसते बघत काय राहिलात. आणि तो लाल दिवा — तुम्ही मधे थांबवलं नव्हतं? मघापासून चालूच आहे? म्हणजे कोट, धोबी, सगळंच? अहो, उद्या ती माझ्याच ट्रॅकवर पोराचं पुढचं वाक्य बोलायला येणार, तिच्या कानात हेच सगळं वाजणार. पुसा ते, दादा, आत्ताच्या आत्ता पुसा.

थांबा. बोट काढा त्या बटणावरून.

राहू द्या. कोट राहू द्या, धोबी राहू द्या. मधे मधे ते 'पण' आहेत ना, तेवढे कापा आणि बाकीचं ऐकवा तिला. आता तो दिवा घालवा आणि तुम्ही चहा घेऊन या. मी बसतो इथेच.