पोमाचा केक आणि आमचा कंडेन्सर

...आणि वर लोक मलाच विचारतात, "सर, तुम्ही भौतिकशास्त्र शिकवता ना?" शिकवतो! एकोणीस वर्षं इथे कुमासी शहरात पोरांना उष्णता शिकवतोय, आणि स्वतःच्या गाडीत उकडून निघतोय! तुम्हाला सांगतो, गाडीला काही झालं नव्हतं हो, फक्त गार वारा येत नव्हता. एवढंच! गिअर पडत होते, ब्रेक लागत होते, हॉर्न तर असा की बकऱ्या गटार ओलांडून पळायच्या... फक्त गार वारा येत नव्हता.

कारण काय? एसीचा कंडेन्सर! रेडिएटरच्या तोंडावर बसतो ना, तो चपटा, कागदासारख्या पातळ पात्यांचा. दोन महिने हर्माटानचा कोरडा वारा वाहिला, वाळवंटाची सगळी धूळ त्याच्यात जाऊन बसली. बायको म्हणाली... माझी बायको पोमा, तीही मला सरच म्हणते, विशेषतः चिडली की... म्हणाली, "सर, सुआमेच्या गॅरेजांत फ्रेमाताईकडे न्या. एसीचं काम तिच्यासारखं कुणी करत नाही." मी म्हटलं, धूळ काढायला ताई कशाला? पाणी कशाला आहे? आता हळू पाण्याने धुवायचा असतो, रोपाला घालतो तसं, हे मला आज कळतंय! त्या दिवशी गेलो गाड्या धुतात तिथे आणि म्हटलं, मारा जोरात! त्याने ट्रकचा चिखल काढायची तोटी लावली... सगळी पाती आडवी! वाऱ्याला वाटच नाही. मग मी घरी येऊन जेवायचा काटा घेतला आणि एकेक पातं सरळ करत बसलो. पोमा दारातून म्हणते, "सर, काय चाललंय?" म्हटलं, "विज्ञान!" आणि फुस्स्स... गॅस गेला. सगळा!

तुम्ही म्हणाल, काचा खाली करून फिरा. फिरलो असतो हो! पण तेवढ्यात पोमाला ऑर्डर आली. टेचिमान गावातल्या एका लग्नाचा केक, चार मजली, लोण्याच्या क्रीमचा! आठ वर्षं बाई शाळेच्या फाटकाशी बोफ्रॉटचे गोड गोळे तळतेय, आणि पहिल्यांदा कुणीतरी तिला केक मागितला. फोन ठेवला आणि पिठाच्या हातांनी उभ्या उभ्या रडली. आता अडीच तासांचा रस्ता, मार्चचं ऊन, काच उघडली की क्रीमवर लाल धुळीचा थर... गार वारा पाहिजेच की नाही?

म्हणून मी गेलो फ्रेमाताईकडे... नाही गेलो! कुठल्या तोंडाने जाणार? काट्याची भोकं दाखवायला? गेलो बादू फिटरकडे. तो म्हणतो, "मास्तर, तासाभरात बसवतो!" कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीचा कंडेन्सर आणला, तो दोन बोटं जास्त रुंद, मग हातोडीने समजूत काढली. मी विचारलं, "जुन्या रबरी चकत्या बदलायच्या ना?" "चांगल्या आहेत की!" "आणि पाइपातली हवा आधी ओढून काढायची ना?" "मास्तर, गॅस आला की हवा आपणहून जाते." आता यावर भौतिकशास्त्राच्या मास्तराने काय म्हणावं? मी म्हटलं, "बरं."

लग्नाचा दिवस. मागे पोमा, तिच्या पुढ्यात केक. ओफिन्सो गेलं, गार! अबोफोर गेलं, गार! आणि पुढे... गाडीला काही झालं नव्हतं हो, पळत होती, फक्त...

"सर, वारा कोमट येतोय."

"चढ आहे ना, म्हणून."

"सर, वरचा मजला माझ्याकडे येतोय."

"धर!"

"धरलाय. आता खालचाही निघालाय."

आरशात पाहिलं. बाई दोन्ही हातांनी केक धरून बसलेली, गालावरून घामाचे ओघळ, पुसायला हात मोकळा नाही. न्केनकासूला एक बाई डोक्यावर गोठलेल्या पाण्याच्या पिशव्या घेऊन उभी. अख्खं घमेलं घेतलं. ती म्हणते, "अहो, एवढं पाणी पिणार कोण?" म्हटलं, "केक!" लावल्या पिशव्या चारी बाजूंनी.

पोहोचलो. केक उभा, पण असा... एका खांद्याने वाकलेला. नवरीची आई आली. एक चक्कर मारली. दुसरी मारली. मी गाडीमागे.

"अगं बाई! एवढा वाकडा, आणि पडत नाही? हे नवीन निघालंय?"

पोमाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पदर सावरल्यासारखं खांद्यावरचं कापड सावरलं आणि शांतपणे म्हणाली, "हो. खास आहे."

झालं! फोटो गावभर! आठवड्यात सहा ऑर्डरी, आणि सगळ्यांना वाकडाच हवा!

मी शेवटी मान खाली घालून फ्रेमाताईकडे गेलो. तिने नवा कंडेन्सर, नव्या चकत्या, ओल शोषणारा नवा ड्रायर घातला, अर्धा तास मशीनने हवा ओढली, मीटरचा काटा हलत नाही ना ते पाहिलं, मगच गॅस. वर म्हणाली, "मास्तर, महिन्यातून एकदा साध्या नळाने धुवा. विज्ञान करू नका." आता वारा असा येतो, असा येतो...

काल एक ऑर्डर पोचवायला सुन्यानीला निघालो. इस्त्रीचा शर्ट, काचा वर, बाहेर आग. एसी सोडला. आहाहा! दहा किलोमीटर झाले नसतील, मागून पोमा:

"सर, बंद करा तो. केक अजून सरळच आहे!"