फळीपलीकडचा मीटर

— नाही, नाही, मास्तर, हात लावू नका, पोळेल! लावलात? बघा. मी सांगेपर्यंत थांबत नाही कुणी. ती बादली आहे तिथे, बोट बुडवा त्यात. तर हा कंगव्यासारखे दाते असलेला डबा — हा रेक्टिफायर. इंजिन फिरलं की वीज तयार होते, त्यातली बॅटरीला झेपेल तेवढीच पुढे सोडायची, एवढंच याचं काम. कोमट झाला तर हरकत नाही. तुमचा तव्यासारखा तापलाय आणि बॅटरी आत खदखदतेय. गाडी कुठून घेतलीत? राहू दे, सांगू नका. असा रंग एकच माणूस देतो. पलीकडून घेतलीत ना, या फळीच्या पलीकडून? अहो, कुजबुजताय कशाला, मोठ्यानं बोला, ऐकू दे त्यालाही. धाकटा भाऊ माझा.

दुकान वडिलांचं. तो जुन्या गाड्या रंगवून विकायचा, मी वायरिंग बघायचो. आता हा बोल्ट बघा — अर्थिंगची वायर इथे चासीला बसते. लोखंडाला लोखंड भिडायला पाहिजे. यानं काय केलं? चासी रंगवली आणि रंगावरच वायर आवळली. मग डब्याला वाटतं बॅटरी उपाशीच आहे, तो ढकलत राहतो, ढकलत राहतो आणि तापतो. त्याच्या सगळ्या गाड्यांत हेच. सगळ्या म्हणजे सगळ्या! का? तर एकत्र होतो तेव्हा तो रंगवून पुढे जायचा आणि मागून मी बोल्टखालचा रंग खरवडायचो. त्यानं कधी बघितलं नाही, मी कधी बोललो नाही. खरवडावं लागतं हे त्याला ठाऊकच नाही. सांगावं ना? सांगितलं असतं हो, पण बोलणं कुठे आहे आमचं? आणि सांगितलं की गाड्या इकडे यायच्या बंद. म्हणजे धंद्यासाठी नाही म्हणत — त्याच्या हातची गाडी येते, मी उघडतो, बघतो, रंग देताना हात थरथरलाय का, घाई केलीय का, तब्येत बरी असेल ना... असो. सँडपेपर द्या तो.

भांडण? पाटीवरून. पाटी त्यानं रंगवली, मी म्हटलं, ‘बंधू’ जरा वाकडं आलंय. गिऱ्हाइकासमोर म्हटलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी हा दुकानाच्या मधोमध ठोकायला फळी घेऊन हजर. वाकडं होतंच ते! मग काय, वाटणी. पाने, पकडी, बाकडंसुद्धा कापलं. व्होल्ट मोजायचा मीटर मात्र एकच, वडिलांचा. तो सोडेना, मी सोडेना. म्हणून फळीला हे भोक. ज्याला हवा त्यानं दोनदा ठोकायचं, पलीकडचा हात मीटर सरकवतो. शब्द नाही. हात तेवढा दिसतो. नखांत कुठला रंग आहे त्यावरून मला कळतं आज कुठली गाडी घेतलीय. झालं खरवडून. आता मीटर लावून बघू.

ठोकलं. ओ नाही. पुन्हा ठोकतो. — रुसलाय. तसाच आहे तो, वडिलांवर गेलाय. — काय मास्तर, रंग मात्र नंबरी दिलाय हो तुमच्या गाडीला! असा रंग देणारा शोधून सापडायचा नाही! — छे. तरी नाही. लोक म्हणतात, मोठ्या रस्त्यावर जागा घेतलीय त्यानं, सगळं हलवणार. लोकांना काय, जिभेला हाड नाही. सामान हलवलं तर आवाज होईल ना? मला कळणार नाही? आता मधे तापानं घरी पडून होतो, आज अंधारातच येऊन दुकान उघडलं, तेवढंच काय ते...

अरे. मीटर इथेच आहे की. भोकाच्या अलीकडे, माझ्या बाजूला. वायरी गुंडाळून ठेवल्यात. तो कधी गुंडाळत नाही — गुंता तसाच सरकवतो, मी सोडवत बसतो. सेलसुद्धा नवे घातलेत.

मास्तर, तुम्ही आलात तेव्हा पलीकडचं शटर... कुलूप? बाहेरून? आणि पाटी? नीट आठवा. वर त्याची पाटी होती का?

नव्हती. बरं.

गाडी चालू करा. रेस द्या, अजून थोडी. चौदा व्होल्ट. बघा, काटा हलत नाही. डबा गार होईल आता, पुन्हा तापणार नाही. बोट कसंय? फोड येईल, फोडू नका. या आता. — थांबा. मोठ्या रस्त्यावरून जाता ना तुम्ही? दिसला तर सांगा त्याला, बोल्टखालचा रंग खरवडत जा म्हणावं, आता मागून कुणी नाहीये. मी सांगितलं म्हणू नका. नाही, म्हणा. मीच सांगितलं म्हणा. पाहताय काय असे? निघा ना मास्तर. मला मीटर परत द्यायचाय.